सुरू आहे, पण निघत नाही

गाडी मुळीच सुरू झाली नाही तर माणसाची चार लोकांत पत राहते. 'बॅटरी बसली' म्हटलं की समोरचा समजुतीनं मान डोलावतो, कारण बॅटरी कुणाचीही बसते, मंत्र्याचीसुद्धा. पंक्चर झालं तर त्याहून बरं. रस्त्याला आणि कंत्राटदाराला शिव्या घालायची सोय असते. पण गाडी एका चावीत सुरू होते, इंजिन घरंदाज आवाजात गुरगुरतं, दिवे लागतात, वायपर हलतात, एसीही गार हवा सोडतो आणि तरी गिअर पडत नाही म्हणून ती फाटकात उभीच राहते, हे कुणाला समजावून सांगणार? बघणाऱ्याला वाटतं, याला गाडी चालवता येत नाही. माझ्याबद्दल तो संशय कॉलनीत आधीपासूनच होता, हा भाग वेगळा.

त्यातून आम्ही राहतो रायपूरच्या शंकर नगरात. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि आमच्या शांत वस्तीच्या शेजाराला मंत्र्यांचे बंगले आले. तेव्हापासून आमच्याकडे गाड्या चालत नाहीत, सुटतात. पुढे सायरन, मागे धूळ. अशा ठिकाणी स्वतःच्या फाटकात, स्वतःच्या गाडीत, इंजिन सुरू ठेवून नुसतं बसून राहायला एक वेगळंच धैर्य लागतं. बिंबाजी भोसले 1758 च्या सुमारास रतनपूरला येऊन छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, तेव्हापासून या मुलखात मराठी माणूस आहे, असं मी मंडळाच्या कार्यक्रमांत छातीठोकपणे सांगत असतो. पण बिंबाजींची सोय होती. त्यांच्या घोड्यांना क्लच नव्हता.

प्रसंग गणपतीच्या तोंडावरचा. आम्ही दोघं लेकीकडे पुण्याला गेलो होतो आणि आषाढ-श्रावण तिथंच काढून परतलो होतो. जाताना मी गाडी चांगली पाइप लावून, खालूनसुद्धा, स्वच्छ धुतली आणि कडुनिंबाखाली उभी केली. मग छत्तीसगडच्या पावसानं ती दोन महिने आणखी धुतली. आता नागपूरहून हिचे मामा यायचे होते आणि त्यांना आणायला मला स्टेशनवर जायचं होतं.

मामा म्हणजे आमच्या सासुरवाडीचं भूषण. एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. एसटीच्या अशा तीन मोठ्या कार्यशाळा: दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा. आमच्या लग्नापासून मी ऐकत आलोय, की मामांनी नुसता आवाज ऐकला तरी त्यांना इंजिनाचं दुखणं कळतं. माझी गाडी चालवण्याची पद्धत पाहून ही नेहमी म्हणते, "मामा असते तर..." आणि वाक्य तिथंच सोडते. त्या मामांना वेळेवर आणणं ही माझ्यासाठी परीक्षाच होती.

मामांचा फोन आला, "डोंगरगड आलं." मी ऐटीत चावी फिरवली. इंजिन लगेच बोललं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकायला गेलो, तर दांडा जागचा हलेना. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. रिव्हर्सला हात घातला तर आतून असा कर्रर्र आवाज आला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. फाटकावरचा चौकीदार धावत आला. "का होगे, साहब?"

"काही नाही," मी म्हटलं, "इंजिन गरम करतोय."

भर उकाड्यात हे उत्तर त्याला पटलं नसावं, पण तो भला माणूस आहे. तो फाटक उघडून धरून उभा राहिला, आणि पुढचा सगळा वेळ तसाच उभा होता.

मग मी बॉनेट उघडायचं ठरवलं. त्यासाठी आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, मग डिकी उघडली, आणि शेवटी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी लपवलेली ती खुंटी सापडली. बॉनेट वर गेल्यावर मात्र माझ्या चेहऱ्यावर आपोआप गंभीर भाव आले. उघड्या बॉनेटपाशी कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस काहीतरी जाणतो, असा आपल्याकडे समज आहे. तो माझाही होता.

एक गोष्ट मला पक्की माहीत होती: क्लचला तेल लागतं. कुठल्याशा मित्राच्या गाडीचं ते गळालं होतं आणि त्याचेही गिअर पडत नव्हते. तर ते तेल पाहायचं. इंजिनाच्या बाजूला एक डबा दिसला. झाकणावर कारंज्यासारखं चित्र. दाबाखालच्या तेलाची खूण ती हीच, असं मी मनाशी धरलं. झाकण उघडलं. आत काठोकाठ निळसर, नितळ द्रव. "क्लच ऑइल तर भरपूर आहे," मी चौकीदाराला सांगितलं. त्यानं आदरानं आत डोकावून पाहिलं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका उतरले. हे भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना कोणतीही वस्तू बिघडलेली चालत नाही. तिचं 'शटडाउन' घ्यावं लागतं. त्यांनी डब्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं आणि डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले.

"व्हिस्कोसिटी गई," ते म्हणाले. "पानी जैसा हो गया है. पूरा ड्रेन करो."

मला आत्मविश्वास आला. समोरचे बँकवालेही आले. त्यांच्या मते दोष गिअरबॉक्सचा होता, कारण त्यांच्या साडूच्या गाडीचा गिअरबॉक्सच गेला होता आणि खर्च ऐकून साडूनं अंथरूण धरलं होतं. व्हिस्कोसिटी विरुद्ध साडू असा वाद रंगला. मामांचा फोन आला, "राजनांदगाव सोडलं."

शेजारच्या बंगल्याच्या ताफ्यातला एक चालक बिडी ओढायला बाहेर आला होता. तो येऊन म्हणाला, "साहब, डबल क्लच मारिए." ही जुन्या ट्रकवाल्यांची विद्या. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलेटरला एक ठोसा द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं, तोवर जगातल्या कितीतरी मोटारवाल्यांना हीच कसरत करावी लागे. आता गिअरबॉक्समधल्या पितळी कड्याच आतल्या दातेरी चाकांचा वेग जुळवून घेतात. मी डबल क्लच मारला. मग हुरूप येऊन तिबल मारला. एक पाय वर, एक खाली, हात दांड्यावर, तोंड लाल. बाहेरून पाहणाऱ्याला मी गाडीत बसून हार्मोनियम वाजवतोय असं वाटलं असेल. गिअर पडला नाही.

"अहो, ऑटो करा आणि जा ना स्टेशनवर," ही गॅलरीतून म्हणाली.

पुरुषाला हे वाक्य लागतं. मी तिला शांतपणे सांगितलं, की मोटारीच्या इतिहासात अशा अडचणी थोरामोठ्यांना आल्या आहेत. ऑगस्ट 1888 मध्ये मोटार बनवणाऱ्या बेंझची बायको बेर्टा मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, मोटारीतून एवढा लांबचा प्रवास जगात प्रथमच होत होता, आणि तिची गाडीसुद्धा वाटेत अडली होतीच. चढावर तर मुलांना उतरून ढकलावी लागली.

दुर्दैवानं ही गोष्ट हिलाही ठाऊक होती, कारण पूर्वी कधीतरी मीच ती रंगवून सांगितली होती. "ती नवऱ्याला न सांगता गाडी घेऊन गेली होती," ही म्हणाली. "पेट्रोलची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर बसवा. तुम्ही आहे तोच पडत नाही म्हणून बसलाय."

भिलाईचे काका खोकले. बँकवाल्यांना काहीतरी काम आठवलं. फोन वाजला. "दुर्ग."

दुर्ग आलं म्हणजे झालंच. मी डबल क्लचचा शेवटचा प्रयोग करत असतानाच केव्हातरी गाडी रायपूरला लागली असणार. मामांनी मला फोन केला, तो मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आला नाही, आणि थोड्या वेळानं एक ऑटो उघड्या फाटकातून थेट आत आला. पिशवी, छत्री, संत्र्याच्या बर्फीचा डबा आणि मामा. चौकीदारानं त्यांना सलाम ठोकला; इतका वेळ फाटक धरून उभं राहिल्याचं त्याच्या दृष्टीनं सार्थक झालं.

"काय करून राह्यले, जवाईबापू?"

मी बाजूला झालो. सगळेच बाजूला झाले. हिंगण्याची कार्यशाळा आता आमच्या अंगणात उतरली होती. मामांनी गाडीला एक चक्कर मारली, टायरला पायानं टिचकी दिली, वाकून बॉनेटमध्ये पाहिलं. मी तत्परतेनं म्हटलं, "क्लच ऑइल तपासलंय मामा. व्हिस्कोसिटी गेलीय." आणि डबा दाखवला.

मामांनी वास घेतला. "शाम्पू आहे."

"शाम्पू?"

"काच धुवायचं पाणी आहे हे, बाप्पा. वायपरचं. अन् तुमच्या गाडीला क्लचचं तेल नसतेच ना! केबल आहे. हे पाहा तार." त्यांनी बोटानं एक काळी दोरी दाखवली. भिलाईच्या काकांनी आपलं बोट हळूच पायजम्याला पुसलं.

"मामा, तुम्ही एवढी वर्षं गाड्या खोलल्यात," मी म्हटलं, "तुम्हीच बघा आता."

मामा संकोचले. त्यांनी एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मी भांडारात होतो. स्टोअरमध्ये. लोकं आले की पार्ट काढून द्यायचे, रजिस्टरात चढवायचे. क्लच प्लेटा किती दिल्या असतील, गणती नाही. बसवली एक नाही."

गॅलरीत शांतता. आमच्या संसारातल्या कितीतरी भांडणांत माझ्याविरुद्ध वापरलेला एक पुरावा त्या क्षणी बाद झाला होता. मला गाडीचं दुःख उरलं नाही. पण मामा पुढे बोलतच होते. "मात्र पार्ट मागायला आला की चिठ्ठीवर कारण लिहायला लागे. काऊन मागता? घासली, जळली, तेल लागलं. अन् एक कारण असे, बरेच दिवस गाडी उभी होती, प्लेट चिकटली. हे कारण पावसाळ्याच्या आगेमागेच येई. तुमची गाडी उभी होती काय?"

होती. दोन महिने. धुऊन.

"मंग इंजन बंद करा. अन् आता गिअर टाका."

टाकला. पहिला पडला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स, सगळे आज्ञाधारकपणे पडले. मी आनंदानं ओरडलो, "पडले!"

"पडणारच. बंद इंजनावर गिअर पडतात, चालू इंजनावर नाही, म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे, दुखणं क्लचचं आहे. बंद इंजनावरही नसते पडले, तर मग दांड्याची जोडणी पाहावी लागली असती, नाही तर गिअरबॉक्स. क्लचचं पेडल कसं आहे? तळाला जाऊन बसते की परत येते?"

"नेहमीसारखंच आहे."

"म्हणजे केबलही तुटली नाही. प्लेटच चिकटली."

मग त्यांनी अंगणातल्या कट्ट्यावर बसून मला क्लच समजावून सांगितला. इतकी वर्षं मी तो नुसता दाबत होतो. इंजिनाला एक जड चक्र असतं, फ्लायव्हील. त्याला टेकून क्लच प्लेट. तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. तिघं एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जाते. पेडल दाबलं की मागचा दाब सुटतो, प्लेट मोकळी होते, आणि तेवढ्या मोकळिकीत गिअर बदलायचा. ओल शिरून गाडी उभी राहिली की फ्लायव्हीलच्या लोखंडाला गंज चढतो आणि प्लेट त्या गंजानं त्याला चिकटून बसते. मग पेडल कितीही दाबा, मागचा दाब सुटतो पण प्लेट जागची हलत नाही. इंजिन गिअरबॉक्सला फिरवतच राहतं. फिरत्या दात्यांत गिअर जाणार कसा? त्या पितळी कड्या तरी काय करतील, अख्खं इंजिन थोडंच थांबवणार आहेत?

"म्हणजे थालीपीठ तव्याला चिकटलं," ही वरून म्हणाली.

"हाव," मामा म्हणाले, "अन् उलथनं आत जात नाही, म्हणून तवाच आपटायचा."

तवा आपटायची पद्धत मामांनी ऐकलेली होती. फिटर लोक चिठ्ठी लिहिता लिहिता सांगत. इंजिन चांगलं गरम करून बंद करायचं. पहिला गिअर टाकायचा. क्लच पूर्ण दाबून चावी मारायची. गाडी धक्का खात सुरू होते आणि सुरू होताक्षणीच चालू लागते, कारण चिकटलेल्या प्लेटला पेडल दाबल्याचा पत्ताच नसतो. मग क्लच दाबलेलाच ठेवून मोकळ्या जागी अ‍ॅक्सिलेटर दाबायचा, सोडायचा, मध्येच ब्रेक मारायचा. झटक्यानं प्लेट सुटते. सुटली तर.

दुपारची वेळ, गल्ली रिकामी. चौकीदारानं फाटक होतं तसंच उघडं धरलं. मामा माझ्या शेजारी बसले, बर्फीचा डबा मांडीवर. मी चावी मारली आणि गाडीनं बेडकासारखी उडी घेतली. आम्ही निघालो.

निघण्याचा आनंद कोपऱ्यापर्यंत टिकला. तिथं लक्षात आलं, की आता थांबता येणार नाही. थांबलो की इंजिन बंद, आणि बंद पडलेल्या ठिकाणाहून पुन्हा ती उडी. बीटीआय मैदानाच्या बाजूनं वळून गल्ल्यागल्ल्यांतून चौकोनी फेरी मारत राहायचं ठरलं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन आक्रोश करत होतं. क्लचवरचा पाय बधिर झाला होता. मी अ‍ॅक्सिलेटर दाबत-सोडत होतो आणि गाडी मानेनं हो-हो म्हणत पुढे जात होती. मामा बर्फीचा डबा दोन्ही हातांनी धरून म्हणत होते, "दाबा. सोडा. दाबा. सोडा." ओळखीचे लोक हात करत होते, मी नुसता हसत होतो. मंडळाचे एक पदाधिकारी स्कूटर थांबवून गणपतीच्या वर्गणीचं विचारू लागले, तर मी त्यांच्यासमोरून तसाच निघून गेलो. त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतलाच.

घरासमोरून जाताना ही फाटकात उभी. "सुटलं का?"

"नाही!"

पुढच्या फेरीला ती पिशवी घेऊन उभी होती. "आता फिरताच आहात तर कोथिंबीर..."

उरलेलं वाक्य मागे राहिलं.

आणि मग वळणावर गाय बसलेली दिसली. पावसाळ्यात रायपूरच्या गाईगुरांना कोरडी जागा लागते, आणि डांबरी रस्त्याइतकी कोरडी जागा दुसरी नसते. तेव्हा ती रस्त्याच्या मध्यभागी बसतात आणि राजधानीचं शहर त्यांना वळसा घालून जातं. या गाईनं वळसा घालायलाही जागा ठेवली नव्हती. "मामा!" मी ओरडलो. "ब्रेक!" मामा ओरडले. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थरथरली, आतून कुठून तरी 'खट्ट' असा आवाज आला, बर्फीचा डबा डॅशबोर्डवर गेला आणि आम्ही गाईपासून वीतभर अंतरावर थांबलो.

गाडी थांबली होती. इंजिन चालू होतं.

हे कळायला आम्हा दोघांनाही थोडा वेळ लागला. मी भीतभीत दांड्याला हात लावला. न्यूट्रल. पहिला. दुसरा. रिव्हर्ससुद्धा आवाज न करता गेला. गाईनं रवंथ चालू ठेवलं होतं. तिला उठायचं काही कारण दिसलं नाही. मामांनी डबा उचलून एक तुकडा तिच्यापुढे ठेवला. मीही खाली उतरून तिला नमस्कार केला, आणि नेमके तेव्हाच ते वर्गणीवाले स्कूटरवरून तिथं पोचले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं केबल थोडी आवळली, प्लेट अजून चालेल म्हणाला. मामांनी सांगितलेली युक्ती त्यालाही ठाऊक होती. फक्त तो ती मोकळ्या मैदानात करतो, गल्लीत नाही. आणि दोनचार झटक्यांत प्लेट सुटली नाही, तर नाद सोडून गिअरबॉक्स उतरवतो, असं त्यानं माझ्याकडे जरा रोखून बघत सांगितलं.

तेव्हा पावसाळ्यात लेकीकडे, सुनेकडे जायचं असेल तर गाडी धुऊन लगेच उभी करू नका. आधी थोडी फिरवून ती वाळू द्या. मागे कुणाकडे तरी किल्ली ठेवा आणि आठवड्याला एक फेरी मारायला सांगा. ट्रॅक्टर बराच काळ उभा ठेवायचा असला की क्लचचं पेडल दाबून लाकडाच्या ठोकळ्यानं अडकवून ठेवतात, ते याच भीतीनं. आणि तरीही गिअर पडला नाही, तर आधी इंजिन बंद करून टाकून बघा, मग शेजाऱ्यांना बोलवा. मला बोलवू नका. मामांना नागपूरला फोन करा. नंबर मी देईन. फक्त दुपारी दोन ते चार करू नका, ते झोपतात.